आजींवर आवाज चढला, आता झोप लागत नाही

ताई, मी ३४ वर्षांची, सरकारी रुग्णालयात मेडिसिन वॉर्डला स्टाफ नर्स. मागच्या आठवड्यात नाइटला आम्ही दोघी आणि बेचाळीस पेशंट. हार्ट फेल्युअरच्या एक आजी सारखं पाणी मागत होत्या, त्यांना पाणी मोजून द्यायचं होतं. पाचव्यांदा हाक आली आणि मी ओरडले, "आजी, मला काय दहा हात आहेत का?" नंतर जाऊन दोन चमचे पाणी दिलं, ओल्या गॉजनं ओठ पुसले. पहाटे त्या गेल्या. तेव्हापासून डोळा लागत नाही. घरी मुलानं 'आई' म्हटलं तरी चिडते. इन्चार्ज सिस्टर म्हणतात, मोबाइलवर ध्यानाचं ॲप घे. मी कसली नर्स? (मला अहोजाहो करू नका.)

बरं, नाही करत.

ॲपचा राग आला असणार, आणि तो मला पटतो. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषात जनरल हॉस्पिटलला पाच रुग्णांमागे एक नर्स धरली आहे. तुझ्या वाट्याला त्या रात्री एकवीस. ही तूट डोळे मिटून श्वास मोजल्यानं भरत नाही. ती रजिस्टरला लिहायची, इन्चार्जना लेखी द्यायची.

पण झोप उडालीय ती तुझी, म्हणून आता तुझ्याबद्दल.

तुझ्या पत्रात ओरडण्याचं वाक्य जसंच्या तसं, अवतरणचिन्हात आहे. पाणी दिल्याचं मात्र 'नंतर जाऊन' म्हणून उरकलंस. मी स्वतः एकतीस वर्षं वॉर्डात काढली. तहानलेल्या माणसाला 'आता नाही' म्हणणं किती जड जातं, ते मला माहीत आहे. आपला आवाज बहुतेक वेळा तिथंच चढतो, कारण नाही म्हणताना आपल्यालाही तुटत असतं. ओरडलीस ते चुकलंच, त्यावर पांघरूण घालणार नाही. पण ओल्या गॉजनं ओठ पुसणारी नर्सही तूच होतीस. आजी गेल्या त्या त्यांच्या हृदयानं, तुझ्या वाक्यानं नाही.

आता असं कर. तुझ्याबरोबरची पहिल्या वर्षाची पोरगी लिनन रूममध्ये रडत हेच सांगतेय, असं समज. तिला 'तू कसली नर्स' म्हणशील? पाठीवर हात ठेवशील, "चहा घे आधी" म्हणशील. जे तिला म्हणशील ते कागदावर लिही आणि खाली तुझं नाव घाल. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ यांनी २००३ मध्ये या गोष्टीची तीन अंगं मांडली: स्वतःशी मायेनं वागणं, असं इतरांचंही होतं हे ओळखणं, आणि दुखतंय ते न फुगवता, न दडपता बघणं. पुस्तकात याला आत्मकरुणा म्हणतात. मला माया हाच शब्द बरा वाटतो.

बघण्यासाठी वेगळा वेळ कुठून आणणार? इगतपुरीला दहा दिवस विपश्यनेला जा, असं मी सांगत नाही, रजा कोण देणार! पण हात तर तू चोळतेसच. हँडरबला वीस-तीस सेकंद लागतात. शिफ्टमध्ये निदान चार वेळा तेवढा वेळ फक्त हातांना दे: गार लागतंय, वास येतोय, तळपाय दुखतायत, छातीत राग आहे. 'राग आहे' एवढंच मनात म्हण, त्याला हाकलू नकोस. शांत वाटेलच असं नाही. पण पुढच्या बेडपाशी जाताना मागच्या बेडचा राग सोबत येतोय, हे कळतं. त्यानं कधीकधी जीभ आवरते.

लेकाला सांग, "आई घरी आली की वीस मिनिटं गप्प बसणार, मग तुझी." मुलांना घड्याळ दाखवलं की बरंच समजतं. आणि त्या रात्री जी दुसरी सिस्टर होती, तिच्याशी एकदा बोल. तिनंही ती हाक ऐकली होती.

आणखी आठवडाभर झोप आली नाही, किंवा जगणं नकोसं वाटायला लागलं तर लगेच, टेलिमानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला, १४४१६ वर फोन कर. मोफत आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. तू नर्स आहेस म्हणून पेशंट व्हायचं नाही, असं कुठं लिहिलेलं नाही.

पुढची नाइट कधी आहे ते लिहिलं नाहीस. जेव्हा असेल तेव्हा डबा उभ्यानं खाऊ नकोस.