एप्रिल संपत आला असताना, ३ अंश तापमानात बर्फ कसा पडेल? बहिणीने इंग्लंडहून पाठवलेला व्हिडिओ जुना असेल का? आणि आपल्या गोव्यात बर्फ का पडत नाही?

व्हिडिओ जुना नाही. बहिणीला खोटं पाडायच्या आधी माझं ऐका, कारण मला दोनदा खोटं पाडलेलं आहे. एकदा गोव्यात, एकदा फोनवरून, आणि दोन्ही वेळा एकाच माणसाने.

तुमचे वडील म्हणतात की पाणी शून्याला गोठतं, बहिणीच्या फोनवर तर ३ अंश दिसतायत, म्हणजे व्हिडिओ जानेवारीतला. हे वाचलं आणि मला माझा मेव्हणाच बोलतोय असं वाटलं. म्हणून एवढं लिहितोय, नाहीतर शाळेचं विज्ञान शिकवायची मला हौस नाही.

मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातला. घरात बोलणं कोंकणी, लिहिणं-वाचणं मराठी, आणि तीसेक वर्षं अंगणात पर्जन्यमापक. रोज सकाळी साडेआठला पाणी मोजायचं आणि वहीत उतरवायचं. साडेआठ अशासाठी की हवामान खातंही तेव्हाच मोजतं. पगार नाही, कुणी सांगितलेलं नाही. बायको त्याला ‘पाण्याचं श्राद्ध’ म्हणते.

तर एका एप्रिलमध्ये, काजूचा मोसम ऐन भरात असताना, आमच्याकडे गारा पडल्या. तारीख वहीत आहे. इथे देत नाही, गावातले लोक लगेच ओळखतील. दुपारभर घुसमट होती, पान हलत नव्हतं. चोर्ला घाटाच्या बाजूला ढग उभा राहिला तो वर फुलकोबीसारखा पांढरा, बुडाला शाईसारखा. साडेतीनच्या सुमारास वारा उलटा फिरला आणि असा गार लागला की माझ्या काजूच्या दारूच्या भट्टीवरच्या गड्याने सदरा घातला. मग भट्टीच्या पत्र्यावर कुणी मूठ-मूठ काजूबिया फेकाव्यात तसा आवाज. मला वाटलं माकडं. बाहेर येऊन बघतो तर गारा! बहुतेक हरभऱ्याएवढ्या, काही चांगल्या बोराएवढ्या. सात मिनिटं. झाडाखाली काजूचे बोंडू फुटून नुसता चिखल झाला, आणि त्या वासात मी डोक्यावर सूप धरून स्टीलच्या डब्यात गारा गोळा करत होतो.

डबा फ्रीजमध्ये ठेवला. वीज गेली होती. ती आली दुसऱ्या दिवशी दुपारी, आणि पुरावा म्हणून हातात उरलं अर्धी वाटी पाणी.

त्याच संध्याकाळी बूथवर जाऊन एका वर्तमानपत्राला फोन लावला होता. पलीकडच्या माणसाने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “भट्टीवरूनच बोलताय ना?” आणि हसला. म्हापशाहून मेव्हणा आला तो तर अंगणातूनच ओरडला, “भावोजी, हुर्राक चड जाली दिसता!” म्हणजे काजूची पहिल्या धारेची दारू जास्त झालेली दिसते. आता भट्टी माझी हे खरं, पण मी थेंब पीत नाही. उतरली कशी ते बघायला जिभेवर घेतो आणि थुंकतो. हे त्याला ठाऊक आहे. तरी दर चवथीला आरती संपून पानं मांडली की हा विनोद येतोच. ज्यांनी तो वीस वेळा ऐकलाय तेही हसतात.

आता तुमच्या बर्फाकडे येतो.

माझा मुलगा इंग्लंडमध्ये स्विंडनला असतो. मी १९५७ चा, मुक्तीआधी जन्मलेला, त्यामुळे त्याला पोर्तुगीज पासपोर्टचा रस्ता मोकळा झाला. त्यावर भाषण द्यायचं असेल तर वेगळा प्रश्न टाका. २०१६ साली नात झाली म्हणून आम्ही दोघं एप्रिलमध्ये तिकडे गेलो. बायकोने बॅगेत आमसुलं भरली, मी थर्मामीटर. तो मी त्यांच्या मागच्या अंगणात, कुंपणाच्या उत्तरेच्या बाजूला, उन्हापासून आडोसा करून टांगला. मुलाला लाज वाटली.

महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात ध्रुवाकडची हवा थेट खाली उतरली होती. सकाळी लख्ख ऊन, ७ अंश, झाडांना गुलाबी मोहोर. अकराच्या पुढे उत्तरेकडून एक काळा ढग सरकत आला, फार उंच नव्हता. आधी गवतावर साबुदाणा उडायला लागला. बोटात धरला तर लगेच चुरा होत होता. ही गार नव्हे. ढगातल्या हिमकणावर अतिथंड थेंब चिकटून चिकटून होणारी ही मऊ गोळी, इंग्रजीत ग्राउपेल. मग दोन-चार मिनिटांत साबुदाणा थांबला आणि कापसाचे पुंजके खाली यायला लागले, ओले, मोठे, एकमेकांना चिकटलेले. थर्मामीटर बघतो तर ३. आणखी थोड्या वेळाने २. त्याखाली शेवटपर्यंत गेला नाही. गवत पांढरं, गाड्यांचे टप पांढरे, रस्ता मात्र नुसता ओला. वीस मिनिटांत खेळ खलास, पुन्हा ऊन, आणि चहा होईपर्यंत गवतही हिरवं.

मी आनंदाने म्हापशाला फोन केला. मेव्हणा म्हणाला, “तीन अंशाला बर्फ? तिथे पण हुर्राक मिळते काय?”

आता हे होतं कसं ते एकदाच नीट सांगतो, आणि तोही हे वाचेल अशी आशा आहे. थर्मामीटर जमिनीलगतचं सांगतो. बर्फ तिथे तयार होत नाही. तो वर, शून्याच्या खालच्या हवेत होतो आणि पडताना शेवटच्या दोन-तीनशे मीटरमध्ये शून्याच्या वरच्या हवेतून जातो. तेवढ्या वाटेत तो पूर्ण विरघळेलच असं नाही. एक ग्रॅम बर्फ विरघळवायला ८० कॅलरी लागतात, आणि ही उष्णता येते आजूबाजूच्या हवेतून. म्हणजे विरघळणारा बर्फ हवेलाच गार करत खाली येतो आणि मागून येणाऱ्याची वाट सोपी करतो. म्हणून सर जोराची असली की पाऊस म्हणून सुरू झालेलं बर्फ म्हणून संपतं.

दुसरी गोष्ट माठाची. आमच्याकडे एप्रिलमध्ये माठातलं पाणी काही धड गार होत नाही, पुण्याला होतं. कारण तिकडची हवा कोरडी, पाणी झिरपून उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं, एका ग्रॅममागे ६०० कॅलरींच्या आसपास. पडणाऱ्या हिमकणाचंही तेच. हवा ३ अंश आणि आर्द्रता ६० टक्के असेल, तर ओल्या फडक्यात गुंडाळलेला थर्मामीटर शून्याच्या जवळपास दाखवतो. याला वेट बल्ब तापमान म्हणतात. हिमकण ओला असतो, त्याला हे तापमान लागतं, तुमच्या बहिणीच्या फोनवरचं नव्हे. म्हणून ‘शून्याच्या वर बर्फ नाही’ हा नियम नाही, पाठांतर आहे.

आणि एप्रिलचं नवल तर मुळीच करू नका. ब्रिटनमध्ये डिसेंबरपेक्षा मार्चमध्ये बर्फ पडायची शक्यता जास्त असते. भोवतालचा समुद्र सर्वांत गार होतो तो हिवाळ्याच्या शेवटी. नाताळात तो अजून उबदार असतो. वसंतात वारा उत्तरेचा झाला की खाली उन्हाने तापलेली जमीन आणि वर ध्रुवाची हवा, मग सरी उसळतात. मध्य युरोपातले शेतकरी तर ११ ते १३ मे या तारखांच्या संतांना ‘बर्फाचे संत’ म्हणतात, ते गेल्याशिवाय नाजूक रोपं बाहेर लावत नाहीत. आपण मृगाचा किडा बघतो, तसंच.

क्रिकेटवाल्यांना पुरावा हवा असेल तर २ जून १९७५. जून! बक्स्टनला डर्बीशायर आणि लँकेशायरचा सामना चालू होता. शनिवारी क्लाइव्ह लॉइडने नाबाद १६७ ठोकले, आणि सोमवारी मैदान बर्फाखाली. खेळ झालाच नाही. मंगळवारी त्या ओल्या खेळपट्टीवर डर्बीशायरचे ४२ आणि ८७ असे दोन डाव आटोपले. त्याच आठवड्याच्या शेवटी, ७ जूनला, लॉर्ड्सवर गावस्करांनी ६० षटकं खेळून नाबाद ३६ केल्या. त्याचा बर्फाशी संबंध नाही, पण मेव्हणा गावस्करभक्त आहे म्हणून आठवलं.

स्विंडनला मुलाच्या दोन घरं पलीकडे एक म्हातारा राहायचा. त्याच्या अंगणात थर्मामीटर ठेवायची पांढरी झडपांची पेटी होती, स्टीव्हनसन स्क्रीन. ती पेटी बघून मी थांबलो, आणि मला बघून तो बाहेर आला. माझं इंग्रजी यथातथाच. मी थर्मामीटर, बर्फ, साबुदाणा असं हातवारे करून सांगितलं. त्याने पहिला प्रश्न विचारला: किती वाजता सुरू झाला? दुसरा: साबुदाणा किती मिनिटं, पुंजके किती मिनिटं? आणि मी सांगत होतो ते त्याने लिहून घेतलं. मला ‘किती वाजता’ असं कुणी विचारायला साठी जवळ यावी लागली. गोव्यात विचारलं होतं ते ‘किती घेतली’.

मग त्याने १९८१ ची वही काढली. त्या वर्षी २४ ते २६ एप्रिलला तिकडे खरं हिमवादळ झालं होतं, वीस मिनिटांचं नव्हे. मला त्याने त्यांचे नियमही दाखवले. सकाळी ९ च्या ग्रिनिच वेळेला निम्म्याहून जास्त जमीन झाकलेली असेल तरच ‘बर्फ साचला’ असं लिहायचं. म्हणजे आम्ही बघितलेला बर्फ ‘पडला’ असा धरला जाईल, ‘साचला’ असा नाही. पर्जन्यमापकात बर्फ बसला तर त्यात मोजून कोमट पाणी ओतायचं, विरघळवायचं, आणि ओतलेलं वजा करायचं. अशा हौशी लोकांची त्यांची क्लायमेटॉलॉजिकल ऑब्झर्व्हर्स लिंक नावाची संघटना १९७० पासून आहे. आपल्याकडे हौशी माणूस म्हणजे रिकामटेकडा.

तुम्ही शेवटी विचारलंय, गोव्यात का नाही. नाही पडणार, विषय संपला. एप्रिल-मेमध्ये शून्य अंशाची पातळी आपल्या डोक्यावर साडेचार-पाच किलोमीटरवर असते. आमच्या सत्तरीतला सोसोगड गोव्यातला सर्वांत उंच, तोसुद्धा बाराशे मीटर भरत नाही. हिमकण सेकंदाला साधारण एक मीटर पडतो, पाच किलोमीटर यायला त्याला तासाच्या वर लागेल. तो चोर्ल्यापर्यंतसुद्धा पोचायचा नाही. पण सेंटिमीटरभर जाडीची गार सेकंदाला दहा मीटरच्या आसपास येते, तिला आठ-नऊ मिनिटं पुरतात. अर्धीअधिक विरघळेल, पण पोचेल. म्हणून गोव्यात गारा क्वचित पडतात, पण पडतात. हे वाक्य मेव्हण्याने दोनदा वाचावं.

महाबळेश्वरचं नाव कुणी घेऊ नका. दर हिवाळ्यात वेण्णा तलावाकाठचे फोटो येतात, ‘हिमवर्षाव’ म्हणून. ते गोठलेलं दव असतं. वरून काही पडलेलं नसतं. जे पडलं नाही त्याला पहिलं पान, आणि माझ्या सात मिनिटांना हशा.

काही गोष्टी राहिल्या. फोनवरचं तापमान बहुधा गणिताने काढलेलं किंवा जवळच्या केंद्रावरचं असतं, तुमच्या बहिणीच्या खिडकीबाहेरचं नसतं. तेव्हा ३ चे प्रत्यक्षात २ किंवा ४ ही असतील. ४ ला हवा दमट असेल तर बर्फ टिकणं कठीण, मग तो पावसात मिसळलेला असेल. आणि जुने व्हिडिओ नवे म्हणून फिरतात हेही खरं आहे, वडील अगदीच चुकीचे नाहीत. पण सख्खी बहीण स्वतःच्या खिडकीतून पाठवतेय, तर तिला व्हॉट्सॲपवरच्या अनोळखी माणसाच्या रांगेत बसवू नका.

तिला एवढंच विचारा: किती वाजता सुरू झाला, किती वेळ, आणि रस्ता पांढरा होता की फक्त गवत? मागे झाडाला मोहोर दिसतोय का तेही बघा, जानेवारीत नसतो. उत्तर आलं की खाली लिहा. आणि गोव्यात तुमच्याकडे कधी गारा पडल्या तर आधी एक रुपयाचं नाणं शेजारी ठेवून फोटो काढा. फ्रीजच्या भरवशावर राहू नका.