खाजनाला जिप्सम कशाला? मातीविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न (चोडण): बांध फुटून खाजनात (खाडीकाठची, बांध घालून राखलेली गोव्यातली सखल शेती) खारे पाणी शिरले. दुकानदार म्हणतो जिप्सम टाका. टाकू का?

नको, पैसे वाया जातील. जिप्सम चोपण जमिनीसाठी असते. तिथे सोडियम मातीच्या कणांना चिकटून बसलेला असतो आणि सामू (पीएच) चढा असतो. घाटावरचा तो इलाज आपल्याकडे उचलून आणला जातो, याचे मला फार वाईट वाटते. खाजन खारे असते, पण बहुधा आम्लही असते, आणि त्यावरचे औषध म्हणजे पाऊस. आधी बांध आणि मानस (भरती-ओहोटीचे पाणी आत-बाहेर सोडणारे दार) दुरुस्त करा. मग पावसाचे पाणी शेतात तुंबवा आणि ओहोटीला मानशीतून सोडून द्या. असे दोन-तीनदा करा. पेरणीआधी मातीची विद्युतवाहकता मोजून घ्या, त्यावरून क्षार किती ते कळते. संपृक्त अर्कात (माती पुरती भिजवून तिच्यातून काढलेल्या पाण्यात) ती मीटरला ४ डेसिसायमनच्या वर गेली की माती खारी धरतात, पण भाताला ३ च्या आसपासच झळ लागू लागते. काही प्रयोगशाळा जास्त पाणी घालून मोजतात, तेव्हा आकडा लहान दिसतो. म्हणून पद्धत विचारल्याशिवाय आकड्यावर विसंबू नका.

बियाणे म्हणाल तर आपला कोरगुट हा खाजनातला जुना भात आहेच. जुन्या गोव्याच्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने कोरगुटातूनच निवड करून खारटपणा सोसणारे काही 'गोवा धान' वाण दिले. पिढ्यान्‌पिढ्या बी जपणाऱ्यांचे आणि शास्त्रज्ञांचे काम इथे एकमेकांना जोडले गेले आहे.

एक सावधगिरी बाळगा. खाजनाच्या खालच्या काळ्या चिखलात लोह आणि गंधक यांचे पायराइट असते. तो चिखल खणून उन्हात पसरला की प्राणवायू लागून गंधकाम्ल तयार होते. मग पीक जळते, आणि तेच पाणी पोयींत (खाजनातल्या मानशीजवळच्या तळ्यांत) उतरले तर मासेही मरतात. म्हणून तळे खोल करताना निघालेला गाळ शेतात टाकू नका.

प्रश्न (सत्तरी): सामू ५.२ आला. मृदा आरोग्य पत्रिकेत चुना टाका लिहिले आहे. शेजारी चुन्याशिवाय चांगले भात काढतो. खरे कोणाचे?

दोघांचेही. आम्ल मातीत पाणी साचले की तिला हवा मिळत नाही. मातीतल्या लोहाचे रूप बदलते आणि त्यात आम्लता खर्ची पडते. काही आठवड्यांत सामू साडेसहाच्या आसपास येतो, अडकलेले स्फुरदही थोडे सुटते. पाणी ओसरले की माती मूळपदावर येते. म्हणजे पाणथळ भाताला चुना नसला तरी चालते, पण भातामागून मिरची, आळसांदे (चवळी) घेणार असाल तर हवा. किती, ते प्रयोगशाळेला विचारा: सामू सारखा असला तरी चिकणमातीला जास्त चुना लागतो, रेताड खेरीला कमी. पेरणीआधी दोन-तीन आठवडे टाका. युरियाबरोबर कधीच नको, नत्र वायू होऊन उडून जाते.

प्रश्न (डिचोली): वर खाणीच्या टाकाऊ मातीचा ढीग आहे. दर पावसात शेतात लाल गाळ येतो. शेत सुधारेल का?

सुधारेल, पण गाळ येणे थांबल्याशिवाय नाही. ढिगाच्या पायथ्याशी चर आणि गाळ बसवणारी तळी हवीत, उतारावर वाळा लावायला हवा. हे एकट्या शेतकऱ्याचे काम नव्हे, पंचायतीने ते लावून धरले पाहिजे. हा गाळ बारीक असतो, त्यात सेंद्रिय अंश जवळजवळ नसतो आणि वाळला की पापुद्रा धरतो. लोह वाढले की भाताची पाने तांबूस-तपकिरी पडतात. वरचा थर आणि खालची मूळ माती यांचे नमुने वेगवेगळे द्या, नुकसान किती ते त्यावरूनच कळेल. थर जाड असेल तर काढून टाका. पातळ असेल तर धैंचा हे हिरवळीचे पीक गाडा, शेणखत द्या आणि पालाश कमी पडू देऊ नका.

प्रश्न (पेडणे): नमुना कुठून घ्यावा?

भातशेतीत नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा वीतभर खड्डा करा आणि कडेची माती वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीने खरवडा. बांधाजवळची, उकिरड्याची किंवा नुकते खत पडलेली जागा टाळा. सगळे एकत्र करून सावलीत वाळवा आणि अर्धा किलो द्या. माडाला मात्र बुंध्यापासून मीटरभर अंतरावर, जास्त खोल जा. मोरड (उंचावरची शेते), खेर (रेताड शेते) आणि खाजन यांची माती एका पिशवीत कधीही भरू नका.