आधी चौकट, मग पाऊल

प्रिय मित्रा,

वाळवंटाच्या फोटोतले स्वतःच्या पावलांचे ठसे संगणकावर पुसले तर तो खोटेपणा होतो का, आणि अशा फोटोत माणूस असावा का, या दोन प्रश्नांनी तू हैराण झाला आहेस. दोन्हींना माझं उत्तर एकच: आधी चौकट, म्हणजे फोटोत काय येणार ते, ठरव, मग पाऊल टाक. तू आधी टेकडीवर धावतोस, वरून खाली बघतोस आणि हवी असलेली वाळू तुडवलेली दिसली की सॉफ्टवेअर शोधतोस.

पोहोचलास की खालीच थांब आणि वाऱ्याची दिशा बघ. वाऱ्याकडचा उतार मंद आणि घट्ट असतो, चढायचं तिथून. पलीकडची घसरण साधारण ३२ ते ३४ अंशांवर जेमतेम तोललेली असते. तिथे पाय पडला की पट्टाच्या पट्टा खाली येतो, आणि सकाळच्या तिरप्या उन्हात तो ओरखडा सगळ्यात आधी डोळ्यात खुपतो. लांबचं जवळ आणणारी ७०-२०० मिमीची लेन्स लावलीस तर पुढे जावंच लागत नाही. मात्र सूर्य वर आला की तापलेल्या हवेच्या थरथरीमुळे लांबच्या टेकड्यांच्या कडा अस्पष्ट होतात. मग कितीही फोकस कर, उपयोग नाही.

उजळ वाळू कॅमेऱ्याला फसवते. तो तिला मध्यम करडी करून टाकतो, म्हणून भर उजेडात एक्स्पोजर दोन तृतीयांश ते एक स्टॉप जास्त दे (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). पहाटेच्या केशरी वाळूत लाल रंगाचा चॅनल सगळ्यात आधी फुटतो, म्हणजे त्यातला तपशील जातो, तेव्हा हिस्टोग्राम, म्हणजे कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख, तिन्ही रंगांचा वेगवेगळा बघ. वारा असताना लेन्स बदलू नकोस. काचेवर वाळू बसली तर आधी ब्लोअर, मग ब्रश, कापड सगळ्यात शेवटी. ट्रायपॉडचा सर्वांत खालचा भाग आधी पूर्ण उघड, म्हणजे सांधा वाळूच्या वर राहतो.

पण हे सगळं हाताच्या सवयीनं जमेल. मला काळजी वेगळीच आहे. मोकळ्या वाळूवरचे ठसे वारा पुसतो, म्हणून तुला वाटतं वाळवंट सगळंच विसरतं. विसरत नाही. वाळू संपून माती लागली की काळपट, खरबरीत पापुद्रा दिसतो. तो सायनोबॅक्टेरिया (उन्हावर जगणारे सूक्ष्म जीव), दगडफूल आणि शेवाळ यांनी विणलेला जिवंत थर असतो. मातीला तोच धरून ठेवतो. एका बुटाखाली तो चुरतो आणि सावरायला दशकं लागतात. अमेरिकेतल्या मोहावी वाळवंटात १९४२ ते १९४४ दरम्यान सैन्याचा सराव झाला. रणगाड्यांच्या खुणा आजही दिसतात. डेथ व्हॅलीतल्या रेसट्रॅक प्लाया या कोरड्या तळ्याच्या सपाट तळावर ओल्या चिखलात पाय टाकलास तर ठसा वाळून घट्ट होतो आणि तुझ्यानंतरच्या प्रत्येकाच्या फोटोत येत राहतो. तो तू कुठल्या सॉफ्टवेअरनं पुसणार आहेस?

मी नवख्यांना अडवतो, असं म्हणतात. म्हणोत. निर्मनुष्य वाळवंटाच्या फोटोमागेही कुणीतरी उभा असतोच, आणि तो कुठून चालत गेला यावरच त्याचं त्या जागेशी नातं ठरतं. माणूस चौकटीत हवा असेल तर खुशाल घे, टेकडीच्या माथ्यावर लहानसा उभा कर, त्यानं उंचीचा अंदाज येतो. फक्त त्याला वाऱ्याकडच्या बाजूनं चढव आणि चौकट ठरल्यावरच पाठव. दुसऱ्यांचे ठसे आधीच असतील तर जागा बदल, नाहीतर तेही फोटोत येऊ देत.

पुढच्या वेळी फोटो पाठवशील तेव्हा सोबत कागदावर एक रेघ काढून पाठव: गाडी कुठे थांबवलीस, कुठून चाललास, कुठे उभा राहिलास. मी ती रेघ आधी बघेन.