डोळे मिटले की घाट दिसतो

प्रश्न : आठ महिन्यांपूर्वी कसारा घाटात आमच्या गाडीला मागून ट्रकची धडक बसली. हाडं जुळली, पण द्वारका चौकात ट्रकचा हॉर्न वाजला की अजून छाती धडधडते, हात गार पडतात. मैत्रिणीच्या सांगण्यावरून रोज पहाटे वीस मिनिटं डोळे मिटून श्वासावर लक्ष ठेवायला लागले. पाचव्या मिनिटाला घाट दिसतो आणि घाम फुटतो. जाऊबाई म्हणतात, इगतपुरीला दहा दिवसांच्या शिबिराला जाऊन ये, सगळं सुटेल. माझंच काही चुकतंय का?
– एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : ताई, तुमचं काही चुकत नाहीये, फक्त क्रम उलटा झालाय.

मेंदूतला ॲमिग्डला हा भाग धोका हेरतो. त्याने हॉर्न आणि ती धडक यांची गाठ मारून ठेवली आहे. हॉर्न ऐकू आला की विचार करायला वेळ मिळण्याआधीच ॲड्रेनालिन सुटतं, रक्त कातडीकडून मोठ्या स्नायूंकडे वळतं. हात गार पडतात ते म्हणून. शरीर पळायच्या तयारीत असतं. अशा वेळी डोळे मिटले की खोली, दार, खिडकी दिसेनाशी होते. म्हणजे ‘आपण घरी आहोत’ हे मेंदूला पटवणारा पुरावाच जातो. उरते फक्त छातीतली धडधड, आणि ती तर अपघाताच्या वेळीही होती. मग घाट दिसणारच.

म्हणून वीस मिनिटांची बैठक सध्या थांबवा. त्याऐवजी दोन मिनिटं, दिवसातून तीनदा, उजेडात, डोळे उघडे ठेवून. पाठ भिंतीला टेकेल अशी खुर्ची ठेवा, दार समोर दिसू द्या. मान सावकाश एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला वळवा. नुसते डोळे फिरवू नका, मानही वळली पाहिजे. तीन वस्तूंवर थांबा आणि त्या खरोखर बघा : खिडकीच्या गजावरचा गंज, कॅलेंडरवरची आजची तारीख, दोरीवर वाळत घातलेला टॉवेल. मग तळपाय फरशीवर दाबा. गारवा टाचेला जास्त लागतो की चवड्याला? एवढंच बघायचं. जांभई आली, पोटात गुडगुडलं, आपोआप उसासा सुटला, तर समजा की विसाव्याची परानुकंपी मज्जासंस्था कामाला लागली. काहीच झालं नाही तरी चालेल, त्याची वाट बघत बसू नका.

अस्वस्थतेला शून्य ते दहा असे गुण देत चला. तीन-चारपर्यंत सराव सुरू ठेवा. सहाच्या पुढे गेलं की उठा, चार पावलं चाला, तोंडावर गार पाणी मारा. ‘सहन करून बसले तर भीती जाईल’ असं वाटून बरेच जण इथे घात करून घेतात. मज्जासंस्था अशा जबरदस्तीने शिकत नाही. ती शिकते ती थोडं घाबरून पुन्हा शांत होण्याच्या फेऱ्यांमधून.

श्वासाकडे दोनेक आठवड्यांनी वळा, तेही फक्त उच्छ्वासाकडे. तीन मोजत आत, पाच मोजत बाहेर, असे सहाच श्वास. श्वास आत घेताना हृदयाची गती किंचित वाढते, सोडताना व्हेगस नर्व्हमुळे, म्हणजे मेंदूकडून हृदयाकडे जाणाऱ्या, शांत करणाऱ्या नसेमुळे मंदावते. फायदा आहे तो सोडण्यात. ‘खोल श्वास घ्या’ हा सल्ला इथे नडतो. भराभर मोठे श्वास घेतले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं, आणि माणूस ते भीतीचंच लक्षण समजून आणखी घाबरतो. म्हणूनच कपालभाती, भस्त्रिका सध्या नको. डोळे उघडे ठेवून भ्रामरी चालेल, कारण गुणगुणताना श्वास आपसूक लांबतो.

चौकात हॉर्न वाजला की मान खाली घालू नका. आवाज कुठून आला ते शोधा, तो ट्रक बघा, जाईपर्यंत बघा. मनात म्हणा, ‘आज मंगळवार, हा द्वारकेचा ट्रक, तो गेला.’ स्वतः गाडी चालवत असाल तर मात्र आधी बाजूला घ्या. आणि कृपा करून तो रस्ता कायमचा सोडू नका. जितका टाळाल तितकी भीती घट्ट होते. सोबत कुणाला तरी घेऊन, गर्दी कमी असताना, आधी पाच मिनिटं नुसतं कडेला उभं राहून या.

जाऊबाई म्हणतात त्या इगतपुरीच्या धम्मगिरी विपश्यना केंद्राच्या शिबिरात पहाटे चारला उठून दिवसाला सुमारे दहा तास बैठक असते, मौनही असतं. पुष्कळांना त्याने बरं वाटतं, पण ताज्या आघातावर तो फार मोठा डोस आहे. सध्या जाऊ नका. पुढे कधी जाल तेव्हा अर्जात मानसिक त्रासाबद्दल विचारलेलं लपवू नका.

त्रास महिन्याभराहून जास्त टिकला की तपासणी करून घ्यावी, आणि तुम्हाला तर आठ महिने झालेत. मानसोपचारतज्ज्ञांना थेट विचारा : ट्रॉमाकेंद्रित सीबीटी किंवा ईएमडीआर करता का? पहिल्यात आघाताभोवतीचे विचार आणि टाळाटाळ बोलून, सरावाने बदलतात; दुसऱ्यात डोळे एका लयीत इकडून तिकडे फिरवत ती आठवण हाताळतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये या दोन्हींची शिफारस केली आहे. रात्री फार घाबरायला झालं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे.

प्रश्न : लहानपणी घरात फार मार खाल्ला. आता साहेबांनी आवाज चढवला की मी गोठतो, शब्द फुटत नाही. ध्यानाला बसलो की आणखी बधिर होतो. मी भित्रा आहे का?
– सातपूर

उत्तर : नाही. पळता येत नाही आणि लढताही येत नाही, तेव्हा शरीर गोठतं. मार खाणाऱ्या मुलाकडे तेवढाच मार्ग उरला होता, त्याने तो वापरला.

पण तुम्हाला वरचा उपाय जसाच्या तसा लागू नाही. वरच्या ताईंचं शरीर तापलेलं आहे, तुमचं विझल्यासारखं. तुम्हाला आधी ऊब हवी. गोठल्याचं लक्षात आलं की पायाची बोटं बुटातच दुमडून सोडा, पाच वेळा. मग नजर साहेबांच्या चेहऱ्यावरून काढून टेबलाच्या कडेवर न्या. एक वाक्य आधीच पाठ करून ठेवा : ‘बघून दहा मिनिटांत सांगतो.’ घरी रोज आरशासमोर ते मोठ्याने म्हणा, कारण गोठलेल्या क्षणी नवीन वाक्य सुचत नाही, सवयीचं निघतं. संध्याकाळी भिंतीला दोन्ही तळवे लावून दहा सेकंद जोर लावा, सोडा, तीनदा. मग गोदाकाठी वीस मिनिटं झपाझप चाला. बैठं ध्यान सध्या नको.

हे सुरू केल्यावर कधीकधी राग उसळतो, रडू येतं. बधिरपणा उतरताना असं होतं. अशा वेळी कुणी तरी जाणकार सोबत असावं, म्हणून समुपदेशन याच्या जोडीनेच सुरू करा.

प्रश्न : झोप लागायला लागली. आता गोळ्या बंद करून नुसती सजगता केली तर?
– पंचवटी

उत्तर : स्वतःहून बंद करू नका. नैराश्यावरच्या आणि घबराटीवरच्या बऱ्याच गोळ्या एकदम सोडल्या की चक्कर येते, डोक्यात विजेसारखे झटके बसतात, झोप उडते. आणि लोकांना वाटतं, जुना आजार उलटला. डॉक्टर डोस हळूहळू, काही आठवड्यांत उतरवतात. पुढच्या भेटीला जाताना पंधरा दिवसांची झोपेची वही घेऊन जा : कधी आडवे झालात, कधी झोप लागली, किती वेळा जाग आली.