चेंडू बघू नकोस, पहिले अडीच सेकंद बघ

प्रिय मुली,

तुझी मेल मिळाली, सोबतचा तक्ताही. तुमच्या कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल टीमने या मोसमात वीस यार्डांच्या पुढे फेकलेला प्रत्येक पास तू त्यात मांडला आहेस: कुठल्या बाजूला गेला, पूर्ण झाला की नाही, किती आखूड पडला. काम चोख आहे. आता लांब पास का फसतात याचा अहवाल सोमवारी द्यायचा आहे आणि तू अडकली आहेस. आकडे क्वार्टरबॅककडे, म्हणजे पास फेकणाऱ्या मुलाकडे, बोट दाखवतात. रिसीव्हर्सचे, म्हणजे पास झेलणाऱ्यांचे, कोच म्हणतात, मुलगा उशिरा फेकतो. लाइनचे, म्हणजे क्वार्टरबॅकपुढे भिंत करणाऱ्या पाच जणांचे, कोच काहीच बोलत नाहीत. आणि शनिवारी स्टेडियम बदली मुलाला आणा म्हणून ओरडतं. तू विचारतेस, ‘काका, कुणाचं खरं मानू?’

कुणाचंच नको. चेंडू बघू नकोस. स्नॅपनंतरचे, म्हणजे चेंडू क्वार्टरबॅककडे येऊन खेळ सुरू झाल्यानंतरचे, पहिले अडीच सेकंद बघ.

हे अडीच सेकंद मी हवेतून काढलेले नाहीत. गणित तूच करून बघ. पास स्क्रिमेज लाइनच्या (जिथून खेळ सुरू होतो त्या रेघेच्या) पुढे ४५ यार्डांवर पडायचा आहे. क्वार्टरबॅक सात यार्ड मागे आहे, म्हणजे चेंडूला ५२ यार्ड जायचंय आणि त्याला साधारण पावणेतीन सेकंद लागतात. चांगला रिसीव्हर पूर्ण वेगात सेकंदाला नऊ यार्ड कापतो, तेव्हा चेंडू हवेत असताना तो जवळपास २५ यार्ड पळणार. याचा अर्थ, तो जेमतेम वीस यार्डांवर असतानाच चेंडू हातातून सुटायला हवा. उभ्याने सुरुवात करून वीस यार्ड गाठायला त्याला अडीच सेकंदांहून किंचित जास्त लागतात. त्या क्षणी तो धड मोकळाही झालेला नसतो. कॉर्नर, म्हणजे त्याच्यावर नेमलेला बचावपटू, त्याच्या खांद्याला खांदा लावून पळत असतो. तो पुढे निसटणार या भरवशावर चेंडू सोडायचा असतो.

आता समज, डावा टॅकल, म्हणजे लाइनच्या डाव्या टोकाचा खेळाडू, समोरच्याकडून हरला आणि क्वार्टरबॅकला दोन पावलं सरकावं लागलं. गेला अर्धा सेकंद. रिसीव्हर साडेचार यार्ड पुढे गेला आणि तोच पास ५७ यार्डांचा झाला, तोही पाय न रोवता फेकायचा. असे हात अख्ख्या कॉलेज फुटबॉलमध्ये मोजकेच. टीव्हीवर दिसतं एवढंच, की चेंडू आखूड पडला. समालोचक म्हणतो, मुलाच्या हातात जोर नाही. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

२०२३ चं आयोवा विद्यापीठ आठव. त्या वर्षी एकूण यार्डांत ती टीम पहिल्या श्रेणीतल्या सगळ्या कॉलेजांच्या तळाशी होती. ऑफेन्सचे (आक्रमणाचे) कोऑर्डिनेटर ब्रायन फेरेंट्झ यांच्या करारात सामन्याला सरासरी २५ गुणांची अट घातली होती. टीमची सरासरी निघाली १५.४. मिशिगनहून आणलेला क्वार्टरबॅक केड मॅकनमारा सप्टेंबर संपता संपता गुडघा फाटून बाहेर गेला आणि डीकन हिल आला. चांगला धिप्पाड मुलगा, हातात भरपूर जोर. तरी त्याचे निम्म्याहून कमी पास पूर्ण झाले. जोर असून! नुसत्या हाताने लांब पास जमत असते तर आयोवाचे जमले असते. ल्यूक लॅची आणि एरिक ऑल, दोघेही टाइट एंड (लाइनच्या टोकाला राहून अडवणारे आणि पासही झेलणारे), जायबंदी. रिसीव्हर्सना मोकळीक मिळत नाही, पॉकेट, म्हणजे लाइनने क्वार्टरबॅकभोवती धरलेली जागा, टिकत नाही, आणि सगळं खापर एका पोरावर. तरीही ती टीम दहा सामने जिंकली, बचावाच्या आणि टोरी टेलरच्या पंटिंगच्या (चेंडू लांब लाथाडण्याच्या) जोरावर, म्हणून दुखण्याकडे आणखी दुर्लक्ष झालं.

आता दुसरं टोक घे. एलएसयूचा (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी) क्वार्टरबॅक जो बरो. २०१८ मध्ये त्याचे ५७.८ टक्के पास पूर्ण झाले, १६ टचडाउन. २०१९ मध्ये ७६.३ टक्के आणि ६० टचडाउन. एका उन्हाळ्यात हात बदलतो का? पासिंगचे कोच जो ब्रेडी नवी पद्धत घेऊन आले, जमार चेस आणि जस्टिन जेफरसन हे रिसीव्हर तयार झाले, हे सगळं खरं आहे आणि तू ते अहवालात लिहिशीलच. पण त्याच वर्षी देशातल्या सर्वोत्तम ऑफेन्सिव्ह लाइनचा जो मूर पुरस्कारही एलएसयूला मिळाला होता. बरोची हाइझमन ट्रॉफी, म्हणजे कॉलेज फुटबॉलच्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार, सगळ्यांना पाठ आहे. लाइनचा पुरस्कार कुणी सांगत नाही, आणि मला याचाच संताप येतो.

तू म्हणशील, हाच बरो पुढे सिनसिनाटीत, व्यावसायिक एनएफएलमध्ये गेला, २०२१ च्या मोसमात ५१ वेळा सॅक झाला, म्हणजे चेंडू हातात असतानाच पाडला गेला, तरी चेसला लांब पास फेकत सुपर बोलपर्यंत, म्हणजे एनएफएलच्या अंतिम सामन्यापर्यंत, पोचला. मान्य. असामान्य माणसं लाइनची उणीव काही काळ झाकू शकतात. पण त्या सुपर बोलचा शेवट नीट बघ. चौथा डाउन, म्हणजे शेवटची संधी, एक यार्ड हवा, टीम तीन गुणांनी मागे. चेसने समोरचा कॉर्नर जेलन रॅम्सीला मागे टाकलेलं, पुढे मोकळं मैदान. आणि समोरच्या टीमचा आरन डॉनल्ड लाइन फोडून आतून घुसला. बरोने पडता पडता चेंडू जवळच्या रनिंग बॅकच्या दिशेने टाकला आणि सामना संपला.

आता मला सांग, तुझ्या तक्त्यात हा पास कुठे बसेल? जवळचा, अपूर्ण. लांब पासांच्या यादीत तो येणारच नाही. ही गोष्ट तुझ्या लक्षात यायला हवी होती, म्हणून जरा रागावून लिहितोय. तू फक्त फेकलेले लांब पास मोजलेस. जे आखले होते पण फेकताच आले नाहीत, ते सॅकमध्ये, घाईच्या छोट्या पासांत आणि बाहेर फेकून दिलेल्या चेंडूंत लपले आहेत. तुमच्या टीमचं खरं दुखणं तिथे आहे. प्लेशीट (आखलेल्या खेळींची यादी) माग, कोचांनी लांब पास म्हणून आखलेला प्रत्येक प्ले काढ, आणि त्या प्रत्येकाचे पहिले अडीच सेकंद बघ. चेंडू बघू नकोस.

सेफ्टी, म्हणजे सर्वांत मागे राहणारे बचावपटू, मोजायलाही विसरू नकोस. तू लिहिलंयस की समोरच्या टीम तुमच्यासमोर सतत दोन सेफ्टी खोल ठेवतात. का ठेवतात? कारण पुढे सहाच खेळाडू ठेवूनही तुमचा रन (चेंडू घेऊन पळणं) त्यांना थांबवता येतो. रन चालला असता तर एक सेफ्टी खाली आणावाच लागला असता, प्ले-अ‍ॅक्शनला (रनचं सोंग करून फेकलेल्या पासाला) तो फसला असता आणि मागे जागा मिळाली असती. सहा जणांना ढकलता न येणारी लाइन म्हणजेच रिसीव्हरच्या डोक्यावर बसलेला दुसरा सेफ्टी. मग कोच काय करतात, टाइट एंड आणि रनिंग बॅक दोघांनाही ब्लॉकिंगला थांबवतात. वेळ मिळतो, पण पुढे दोनतीनच रिसीव्हर उरतात आणि त्यांच्यावर डबल कव्हरेज बसतं. फिरून फिरून गाडी लाइनपाशीच येते.

कॉलेजच्या खेळाच्या काही अडचणी वेगळ्या आहेत, त्या एका परिच्छेदात उरक. हॅशमार्क (ज्या दोन खुणांच्या ओळींच्या मधून खेळ सुरू होतो त्या) ४० फूट अंतरावर असल्याने रुंद बाजूचा पास एनएफएलपेक्षा लांब पडतो. पास इंटरफिअरन्सचा (झेलणाऱ्याला नियमाबाहेर अडवल्याचा) दंड जास्तीत जास्त १५ यार्ड, त्यामुळे हरलेला कॉर्नर ४० यार्डांवर रिसीव्हरला सरळ ओढून धरतो आणि तोटा कमीच होतो. मोसमात सरावाला आठवड्याचे वीस तास, वसंतात पंधरा सराव, आणि ट्रान्स्फरमुळे दर वर्षी बरेच चेहरे नवे. लाइनच्या पाच जणांना एकमेकांचा अंदाज यायला सर्वांत जास्त वेळ लागतो, आणि वेळच नसतो.

माझी एक गोष्ट सांगतो, म्हणजे मी यावर एवढा का अडून बसतो ते कळेल. एमएस करताना मीही तुझ्यासारखाच, फुटबॉलच्या व्हिडिओ खोलीत टेप कापायचो. त्या मोसमातल्या क्वार्टरबॅकची घरच्या मैदानावर हुर्यो उडवायचे. मी एंड झोनच्या, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या, बाजूने घेतलेली टेप सलग जोडली, चेंडू सुटल्यानंतरचं सगळं काढून टाकलं, आणि कोचांपुढे लावली. खेळामागून खेळ, डावा टॅकल पहिल्याच पावलाला हरत होता. त्यांनी पूर्ण टेप पाहिली, माझी पाठ थोपटली आणि पुढच्या शनिवारी क्वार्टरबॅकला बसवलं. बदली मुलाचे पासही आखूडच पडले. पहिला मुलगा कॉलेज सोडून गेला. डिग्री झाल्यावर मला त्या खोलीत राहायचं होतं, पण व्हिसा द्यायला तयार होती ती एक इंजिनिअरिंग कंपनी. घरी बहिणीचं लग्न होतं, बाबांवर कर्ज होतं. मी गेलो, आणि जायलाच हवं होतं. तरी दर शरद ऋतूत ती खोली आठवते आणि जीव तुटतो. घरचे म्हणतात, मी त्या एका टेपला अजून चिकटून बसलोय. बसलोय. ती टेप बरोबर होती.

म्हणून तुझ्या ‘सगळ्यांचं थोडं थोडं चुकतंय असं लिहू का’ या प्रश्नाला माझं उत्तर नाही असं आहे. तसा अहवाल कुणालाच दुखावत नाही आणि म्हणून शेवटी क्वार्टरबॅकलाच भोवतो. तो वीस वर्षांचा आहे, तुझ्याहून लहान. तुझ्या पहिल्या पानावरचा आकडा त्याच्याविरुद्ध वापरला जाणार आहे, हे ठाऊक असू दे. तो खरंच उशीर करत असेल तर तेही स्पष्ट लिही. पॉकेट शाबूत असताना, पाय रोवलेले असताना, अडीच सेकंदांत पास सुटला नाही, असे प्ले वेगळे काढ आणि ते त्याच्या नावावर टाक. बाकीचे टाकू नकोस.

आणि लाइनच्या कोचांकडे जा. ते गप्प आहेत म्हणजे त्यांना ठाऊक आहे. तक्ता घेऊन जाऊ नकोस, फिल्म घेऊन जा, आणि प्रत्येक खेळात टॅकलने नेमकं कुणाला अडवायचं होतं ते विचार. बाहेरून बघून ते तुला कळणार नाही, मलाही कळत नाही.

शनिवारच्या सामन्याची एंड झोनकडची फिल्म रविवारी सकाळी मिळत असेल. आखलेल्या प्रत्येक लांब पासाला तीन रकाने कर: दबाव कितव्या सेकंदाला आला, कुणाच्या बाजूने आला, आणि खोल सेफ्टी किती होते. दुपारपर्यंत जेवढं होईल तेवढं पाठव, मी घरीच आहे, आपण फोनवर एकेक प्ले बघू. पास पूर्ण झाला की नाही, हा रकाना तोवर रिकामा ठेव.

तुझा,
काका