दोन्हीकडे 'लेझर'च, मग एस्टिमेटमध्ये एवढा फरक का?

ताई, मिस्टरांच्या किडनीत १२ मिमीचा खडा, दोन्ही हॉस्पिटलांनी आरआयआरएसच (लघवीच्या वाटेनं दुर्बीण किडनीपर्यंत नेऊन लेझरने खडा फोडायचा) सांगितलंय, तरी एकाचं एस्टिमेट दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट. तुम्हाला पडलेला प्रश्न रास्त आहे. मी बरीच वर्षं पुण्यात यूरोलॉजीचं सामान पुरवतो, त्यामुळे यातली आतली बाजू सांगतो.

लेझरमुळे फारसा फरक पडत नाही. लेझर होल्मियम प्रकारचं असो की नवं थुलियमचं, मशीन एकदा घेतलं की वर्षानुवर्षं चालतं. खरा खर्च होतो तो भोवतीच्या सामानावर: गाईडवायर (वाट दाखवणारी तार), ॲक्सेस शीथ (दुर्बीण ज्यातून आत जाते ती नळी), लेझर फायबर (लेझर खड्यापर्यंत नेणारी बारीक तार), कधी बास्केट (तुकडे काढायची जाळी), शेवटी डीजे स्टेंट (किडनीपासून मूत्राशयापर्यंत लघवीची वाट उघडी ठेवणारी तात्पुरती नळी). आणि सगळ्यात महाग दुर्बीण. तिचं टोक साधारण २७० अंशांत वळतं, म्हणून ती किडनीच्या खालच्या कप्प्यापर्यंत पोचते आणि म्हणूनच नाजूकही असते. टोक वाकलेलं असताना फायबर आत सारला, तर आतली नळी फाटते, पाणी शिरतं आणि दुरुस्तीचं बिल लाखांत जातं. २०१६ च्या सुमारास बोस्टन सायंटिफिकची लिथोव्ह्यू ही एकदाच वापरायची दुर्बीण बाजारात आली. मागोमाग चिनी कंपन्या उतरल्या आणि हा प्रकार आपल्याकडेही रुळला.

तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारा: दुर्बीण डिस्पोजेबल आहे की पुन्हा वापरायची? नीट निर्जंतुक केलेली पुन्हा वापरायची दुर्बीण चांगल्या हातात उत्तम काम देते, तिला घाबरू नका. पण डिस्पोजेबलचे पूर्ण पैसे लावले असतील, तर सीलबंद पाकिटावरचं लॉट नंबरचं स्टिकर फाइलला लागलंच पाहिजे. ते मागायला संकोच करू नका.

दुसरं, एमआरपीवर जाऊ नका. २०१७ मध्ये सरकारने हृदयाच्या स्टेंटची किंमत बांधून दिली, डीजे स्टेंटची नाही. डिस्पोजेबलवर छापलेली किंमत आणि हॉस्पिटलची खरेदी यांत मोठी तफावत असते. पॅकेज घ्या, त्यात सामान धरलंय असं लिहून घ्या.

आणि ईएसडब्ल्यूएलबद्दल कुणी बोललं का? बाहेरून शॉकवेव्ह देऊन खडा फोडायचं हे तंत्र विमानं बनवणाऱ्या डॉर्निए कंपनीतून आलं. १९८० मध्ये म्युनिकला पहिला पेशंट झाला. सीटी स्कॅनमध्ये खड्याची घनता हजार एचयूच्या (सीटीवर घनता मोजायचं एकक) आत असेल आणि तो खालच्या कप्प्यात नसेल, तर १२ मिमीला हा पर्याय विचारण्यासारखा आहे. कधी दोन-तीन सिटिंग लागतात, म्हणून बऱ्याच सर्जनना एका फटक्यात काम संपवणं बरं वाटतं, ते समजण्यासारखं आहे. पण ईएसडब्ल्यूएलमध्ये दर केसला विकायला फारसं सामानच नसतं, त्यामुळे आमच्या बाजारालाही त्याचं अगत्य उरलं नाही, हे माझं स्पष्ट मत.

स्टेंट काढायची तारीख डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या. महिनोन्महिने आत राहिला तर त्याच्यावरच क्षार साचतात आणि तो काढायला वेगळं ऑपरेशन लागू शकतं. काढायचा खर्च एस्टिमेटमध्ये धरलाय का, तेही विचारा. बऱ्याच ठिकाणी तो वेगळा लावतात.