वाचकांचे प्रश्न : ब्रेक गेले, पण का?

प्रश्न : 2008 साली अमेरिकेतील कोलंबिया विमानतळावर लिअरजेट 60 विमान धावपट्टी ओलांडून गेले. ब्रेक अचानक कसे निकामी झाले?

उत्तर : खरे पाहता दोष टायरपासून सुरू झाला. 19 सप्टेंबरच्या रात्री उड्डाणासाठी धावताना हवा कमी असलेले टायर फुटले, त्यांच्या तुकड्यांनी हायड्रॉलिक यंत्रणेचे नुकसान केले आणि ब्रेकची ताकद गेली. त्याहून भयंकर म्हणजे, विमान जमिनीवर असल्याचे कळवणारी सेन्सरव्यवस्थाही तुटल्यामुळे विमान हवेत आहे असे यंत्रणेने गृहीत धरले. परिणामी वेग रोखण्यासाठी उघडलेले रिव्हर्सर (इंजिनाचा झोत पुढच्या दिशेला वळवणारी झाकणे) आपोआप मिटले आणि इंजिने विमानाला उलट पुढेच रेटू लागली. कुंपण तोडून, रस्ता ओलांडून ते बांधावर आदळले व पेटले. सहांपैकी दोन्ही वैमानिकांसह चौघे दगावले. निर्णायक वेग (ज्यापुढे उड्डाण रद्द न करता विमान हवेत न्यायचे असते) ओलांडल्यानंतर उड्डाण रद्द करण्याच्या निर्णयावरही तपास मंडळाने बोट ठेवले, तरी माझ्या मते मूळ हलगर्जी देखभालीचीच होती. या विमानाच्या टायरमधील हवा रोज सुमारे 2 टक्के घटते आणि ती नुसत्या नजरेने कळत नाही. दाबमापक लावूनच पाहावी लागते. येथे तो सुमारे तीन आठवडे लावलेला नव्हता.